जुन्या थिंकपॅडसाठी दोन साध्या हार्ड डिस्क: डब्ल्यूडी एलिमेंट्स २ टीबी

डब्ल्यूडी एलिमेंट्सच्या २ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क मी नागपूरच्या बर्डी बाजारातून घेतल्या आणि माझ्या कामासाठी ही खरेदी अगदी योग्य ठरली. एकेक डिस्क साडेसहा हजारांच्या आसपास पडली. दोन्हींचे मिळून जेवढे झाले त्यात थोडी भर घातली असती तर २ टीबीची एक पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क, आली असती, आणि दुकानदाराचा आग्रहही तोच होता. पण लॅपटॉप जुना असेल आणि त्यातलं काम पुन्हा उभं करता येण्यासारखं नसेल, तर एका वेगवान डिस्कपेक्षा दोन साध्या डिस्क घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. ते का, हे जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांकडे अजून अशीच जुनी मशीन्स आहेत.

मी नागपूरच्या महाल भागात राहते आणि घरूनच डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानांची मांडणी करते. कवितासंग्रह, कॉलेजच्या स्मरणिका, पीएचडीचे प्रबंध, दिवाळी अंकाची मांडणी, लग्नसराईत पत्रिका. माझा लॅपटॉप लेनोव्होचा थिंकपॅड टी ४३० आहे. हे मॉडेल २०१२ सालचं; मी तो सेकंडहँड घेतला, कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसातून निघालेला. त्यावर ३२ बिटचं विंडोज ७, पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टचं श्री-लिपी. पेजमेकरची ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली, त्यानंतर अ‍ॅडोबीने ते बंदच केलं. पण विदर्भातल्या कितीतरी लेखकांची जुनी पुस्तकं त्याच फायलींत आहेत. दुसरी आवृत्ती काढायची म्हटली की लोक पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे येतात, कारण नव्या मशीनवर त्या फायली उघडतच नाहीत. आणि उघडल्या तरी फॉन्ट युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या पद्धतीचे) नसल्यामुळे मजकुराच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. त्यामुळे ‘नवा लॅपटॉप घेऊन टाक’ या सल्ल्याचा मला काही उपयोग नाही. हाच लॅपटॉप सांभाळायचा आहे, आणि हा उद्या बंद पडला तरी त्यातलं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवरून उभं करता यायला हवं.

आतली हार्ड डिस्क ५०० जीबीची, जुनीच. कामाच्या फायली, स्कॅन केलेली चित्रं, मुखपृष्ठं, छापखान्याला दिलेल्या पीडीएफ असं सगळं मिळून २८० जीबीच्या वर गेलं होतं. 

आता पोर्टचं सांगते, कारण जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. टी ४३० ला चार यूएसबी पोर्ट आहेत. डाव्या बाजूचे दोन आतून निळे आहेत, ते यूएसबी ३.०. उजव्या बाजूचा एक आणि मागचा पिवळा हे दोन्ही यूएसबी २.०. कागदावर यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, ३.० चा ५ गिगाबिट, म्हणजे दहापट. माझ्याकडे श्री-लिपीचा डोंगल (सॉफ्टवेअरची यूएसबी किल्ली) उजवीकडे कायम लावलेला असतो आणि माऊस मागे. डिस्कसाठी निळा पोर्ट मोकळा होता. तरीही पहिल्यांदा डिस्क लावली तेव्हा वेग सेकंदाला ३० ते ३५ एमबीच मिळाला.

यात डिस्कचा काही दोष नव्हता. विंडोज ७ ला यूएसबी ३.० मुळातून कळतच नाही. ती सोय विंडोज ८ पासून आली. विंडोज ७ वर इंटेलचा यूएसबी ३.० चा ड्रायव्हर, म्हणजे पोर्ट चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, वेगळा टाकावा लागतो, तोवर निळा पोर्टही जुन्याच वेगाने चालतो. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने लेनोव्होच्या साइटवरून या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर आणून दिला, मी तो टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि त्याच पोर्टवर, त्याच केबलने वेग नव्वदपर्यंत गेला. आधी पूर्ण २८० जीबी नकलायला अडीच तास लागत होते, ते काम तासाभरावर आलं. जुना लॅपटॉप वापरणाऱ्याने नवी डिस्क ‘स्लो आहे’ म्हणून परत करायच्या आधी एवढं नक्की पाहावं: पोर्ट निळा आहे का, आणि विंडोज ७ असेल तर ड्रायव्हर पडला आहे का.

एसएसडीची तुलना तर प्रत्यक्ष दुकानातच झाली. दुसरी डिस्क घ्यायला गेले तेव्हा लॅपटॉप सोबत होता. दुकानदार म्हणाला, “मॅडम, हार्ड डिस्क आता कोण घेऊन राहिलं? एसएसडी घ्या. हजारची स्पीड आहे.” त्याच्या हातात सॅमसंगची टी ७ होती, त्याची स्वतःची, वापरातली. तिच्या खोक्यावर सेकंदाला १,०५० एमबीपर्यंत असा आकडा असतो आणि तो खोटा नाही. पण तो १० गिगाबिटच्या पोर्टवरचा आहे. मी म्हटलं, माझ्या मशीनला लावून पाहू द्या. त्याने आनंदाने दिली. आम्ही एका दिवाळी अंकाचं पूर्ण फोल्डर, स्कॅनसकट, तिच्यावर टाकायला लावलं. आकडा नव्वदच्या आसपास येऊन थांबला. “अरे, हे तर नव्वदच दाखवून राहिलं!” असं म्हणत त्याने केबल काढून पुन्हा लावली, दुसऱ्या निळ्या पोर्टात लावली. तेवढाच.

कारण सरळ आहे. फाइल निघते माझ्या लॅपटॉपच्या आतल्या जुन्या फिरत्या डिस्कवरून, आणि ती सेकंदाला नव्वद-शंभर एमबीच्या वर वाचूच शकत नाही. पुढे कितीही वेगवान डिस्क लावली तरी माल तेवढ्याच वेगाने येणार. शेवटी दुकानदारच म्हणाला, “मग हार्ड डिस्कच घेऊन जा ताई, उगाच पैसे कशाला घालता.” महाग वस्तू विकायची संधी समोर असताना असा सल्ला देणारा दुकानदार मला फार आवडला. आता ओळखीपाळखीच्या लोकांना मी त्याच्याकडेच पाठवते.

एसएसडी वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तिच्यात फिरणारा भाग नाही, पडली तरी सहसा काही होत नाही, वजन जेमतेम ५८ ग्रॅम. रोज बॅगेत टाकून फिरणाऱ्या फोटोग्राफरने तीच घ्यावी. पण जुन्या लॅपटॉपवाल्याने एसएसडीवर पैसे घालायचेच असतील तर ती बाहेर लावण्यापेक्षा आत बसवावी. टी ४३० मध्ये तळाचा एक स्क्रू काढला की डिस्क बाजूने बाहेर येते आणि ७ मिलिमीटर जाडीची, अडीच इंची साटा एसएसडी तिथे बरोबर बसते. आत एसएसडी, बाहेर हार्ड डिस्क, ही माझ्या मते जुन्या मशीनची सगळ्यात चांगली जोडी. माझ्या यादीत पुढचा खर्च तोच आहे, आणि निघालेली ५०० जीबीची डिस्क चारेकशे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये घालून तिसरी प्रत ठेवणार आहे.

डिस्कबद्दल थोडं. एलिमेंट्स दिसायला साधी, काळी, खिशात मावेल एवढी. वेगळा अ‍ॅडाप्टर लागत नाही, केबलमधूनच वीज घेते. २ टीबी लिहिलेलं असतं पण विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसतं. यात फसवणूक नाही. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या, म्हणून हा फरक सगळ्याच डिस्कवर दिसतो. माझ्या डिस्कवर एनटीएफएस फॉरमॅट (डिस्कवर फायली मांडण्याची विंडोजची पद्धत) आधीच होता. दुसऱ्या एखाद्या डिस्कवर एक्सफॅट असेल तर काही भरायच्या आधीच ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्यावी, कारण विंडोज ७ ची सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट सगळ्याची जशीच्या तशी प्रत, एनटीएफएसवरच ठेवता येते. आवाज जवळजवळ नाहीच. रात्री घर शांत असताना कान दिला तर बारीक घुर्रघुर्र ऐकू येते. लिहिणं चालू असताना एक छोटा दिवा लुकलुकतो, आणि माझ्यासारखीला त्याचा फार आधार वाटतो. तो लुकलुकत असेपर्यंत केबलला हात लावायचा नाही.

या किमतीच्या अडीच इंची डिस्कची, मग ती कुठल्याही कंपनीची असो, एक मर्यादा आहे. यातल्या बऱ्याच डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर अर्ध्या चढवून लिहिलेल्या असतात, त्यामुळे कमी जागेत जास्त मावतं. पण लिहिलेलं पुन्हा पुन्हा बदलत राहिलं की वेग एकदम पडतो, कारण एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. बॅकअपला याने काही बिघडत नाही. पेजमेकरची फाइल मात्र थेट बाहेरच्या डिस्कवर उघडून काम करू नये. काम आतल्या डिस्कवर करायचं, बाहेरच्या डिस्कवर फक्त प्रत ठेवायची. जुनी, संपलेली पुस्तकं मी बाहेर हलवली, पण ती हलवताना दोन्ही डिस्कवर ठेवली. एकाच डिस्कवर असलेल्या फायलीला बॅकअप म्हणता येत नाही, ती नुसती जागा बदललेली फाइल असते. हे मी माझ्या ग्राहकांना कळकळीने सांगते, कारण ‘मॅडम, एक्स्टर्नलमध्ये टाकून लॅपटॉपमधून डिलीट केलं’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे.

बॅकअपसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घेतलं नाही. विंडोज ७ मध्येच फायली नकलणारी रोबोकॉपी नावाची सोय आहे. भाच्याने त्याची एक छोटी फाइल करून दिली आहे, तिच्यावर डबल-क्लिक केलं की फक्त नव्या आणि बदललेल्या फायली डिस्कवर जातात. पहिली वेळ तासाभराची असली तरी नंतरचं रोजचं काम चहा होईपर्यंत आटोपतं. त्यात ‘मिरर’चा पर्याय असतो, तो मी मुद्दाम ठेवू दिला नाही. मिररमध्ये लॅपटॉपवरून चुकून उडालेली फाइल डिस्कवरूनही उडते.

कामाच्या फायलींइतकाच महत्त्वाचा दुसरा बॅकअप आहे तो पूर्ण सिस्टिमचा. डीटीपीवाल्यांनी इकडे खास लक्ष द्यावं. फाइल वाचली पण तिचा फॉन्ट गेला तर पुस्तक गेलंच समजा. मी फॉन्टचं फोल्डर, श्री-लिपीची सीडी, पेजमेकरची सीडी, प्रिंटरचे ड्रायव्हर असं सगळं डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आहे, आणि शिवाय विंडोज ७ च्या बॅकअप अँड रिस्टोअरमधून सिस्टिम इमेज घेतली आहे. त्याच ठिकाणी रिपेअर डिस्क, म्हणजे बिघडलेलं मशीन जिच्यावरून सुरू करता येतं ती डिस्क, करायची सोय आहे. टी ४३० ला डीव्हीडी ड्राइव्ह आहे, म्हणून कोरी डीव्हीडी घालून तीही करून घेतली.

इमेज घेतली की बहुतेक लोक तिथेच थांबतात. मी भाच्याला बसवून एका जुन्या फालतू डिस्कवर ती परत उतरवून पाहिली, आणि बरं झालं पाहिली. रिपेअर डिस्कवरून मशीन सुरू केल्यावर निळ्या पोर्टातली हार्ड डिस्क त्याला दिसेचना. घाबरायला झालं. पण कारण तेच, त्या डीव्हीडीतही यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नसतो, आणि तिथे निळा पोर्ट जुन्या वेगानेही चालला नाही. डिस्क काढून उजवीकडच्या जुन्या पोर्टात लावली, इमेज लगेच दिसली. हळूहळू का होईना, सगळं उतरलं. मशीन सुरू झालं, डोंगल लावला, पेजमेकर उघडलं आणि एका कवितासंग्रहाचं पान मात्रा-वेलांटीसकट जसंच्या तसं समोर आलं. या डिस्कच्या किमतीचं चीज मला त्या क्षणी वाटलं. ही उजवीकडच्या पोर्टाची गोष्ट मी कागदावर लिहून डिस्कच्या पाऊचमध्ये ठेवली आहे, कारण ती वेळ येईल तेव्हा भाचा नागपुरात असेलच असं नाही.

दुसरी डिस्क माझ्या घरी नसते. ती त्रिमूर्तीनगरात भावाकडे असते. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मला त्याची खरी किंमत कळली ती २३ सप्टेंबर २०२३ ला. त्या पहाटे नागपुरात जो पाऊस झाला तो कोणी विसरणार नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली, लोकांच्या घरात कमरेएवढं पाणी. माझे एक प्रकाशक त्याच भागात तळमजल्यावर राहतात. त्यांचा कॉम्प्युटर खाली ठेवलेला आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. दोन्ही एकदमच बुडाले. बॅकअप त्यांनी नेमाने घेतला होता हो, त्यात काही कसर नव्हती, पण दोन्ही प्रती एकाच खोलीत होत्या. ज्या पुस्तकांची मांडणी मी केली होती ती माझ्याकडून त्यांना परत मिळाली. इतर ठिकाणी केलेली गेली ती गेलीच.

म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारी मी भावाकडे जेवायला जाते तेव्हा घरची डिस्क तिकडे आणि तिकडची इकडे अशी अदलाबदल होते. वहिनींनी ती देवघरावरच्या कपाटात ठेवली आहे, पाण्यापासून उंच आणि लेकरांच्या हातापासून दूर. वहिनींच्या हातची सांबारवडी पदरात पडते तो वेगळा लाभ. या अदलाबदलीचा आणखी एक फायदा असा, की एखादी फाइल खराब होऊन घरच्या डिस्कवर तशीच गेली तरी महिन्याभरापूर्वीची चांगली प्रत त्रिमूर्तीनगरात असते.

क्लाउडवर का ठेवत नाही, असं मला नेहमी विचारतात. गुगलची फुकट जागा १५ जीबी, माझं सामान २८० च्या वर. आणि गुगल ड्राइव्हचं डेस्कटॉपवरचं अ‍ॅप आता विंडोज ७ वर चालत नाही. मायक्रोसॉफ्टनेही १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट थांबवले आहेत, म्हणून हा लॅपटॉप मी इंटरनेटला जोडतच नाही. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला तेव्हा सर्वाधिक फटका विंडोज ७ च्या मशीनांनाच बसला होता. असा व्हायरस मशीनला लावलेल्या बाहेरच्या डिस्कही कुलूपबंद करतो. ग्राहकांचे पेनड्राइव्ह तर येतातच, म्हणून बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवायची, कायम लावून ठेवायची नाही. चालू वर्षाच्या पुस्तकांच्या अंतिम पीडीएफ तेवढ्या मी फोनवरून ड्राइव्हवर टाकते.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. एलिमेंट्ससाठी कंपनीने दिलेलं चालू असतानाचं तापमान ५ ते ३५ अंश आहे. मेच्या शेवटी नवतपात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा महालातल्या माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी कूलर लावूनही ३५ च्या आत राहणं कठीण. एप्रिल ते जून मी बॅकअप सकाळी सहाच्या सुमारास घेते, दुपारी डिस्क लावतच नाही. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप आणि डिस्क ठेवणंही टाळते, ती हवा ओली असते. आणि गाडीच्या डिक्कीत डिस्क ठेवून बर्डीवर खरेदी करत फिरू नये. त्रिमूर्तीनगरला जाताना ती माझ्या पर्समध्ये असते आणि गाडी वाटेत थांबत नाही. पडून राहणाऱ्या प्रतीसाठी मी एसएसडीऐवजी हार्ड डिस्कच निवडली, त्याचंही एक कारण उन्हाळा. एसएसडीतला डेटा विजेच्या भारावर टिकून असतो, आणि खूप वापरून झालेली एसएसडी वीज न देता गरम जागी महिनोन्‌महिने पडून राहिली तर तो भार झिरपू शकतो. घरगुती एसएसडीच्या मानकात असं पडून राहण्यासाठी धरलेलं तापमान ३० अंश आहे, तेही एका वर्षासाठी.

विजेचं एक पाहावं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक गेलेली असते. फायली जात असताना लाईट गेली की लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही एकदम बंद, आणि अर्धवट लिहिलेली फाइल खराब. माझं टेबल इन्व्हर्टरवर आहे. ज्यांच्याकडे तशी सोय नाही त्यांनी आधी बॅटरी बदलावी. डिस्क लावल्यावर टक-टक आवाज येऊन ती दिसेनाशी होत असेल तर पुष्कळदा पोर्टमधून पुरेशी वीज मिळत नसते, यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. अशा वेळी दोन पोर्टांतून वीज घेणारी वाय केबल लावून पाहावी, डिस्क लगेच भंगारात काढू नये.

ऑनलाइन हजार रुपयांत १६ टीबीची एसएसडी दिसते, तिच्या वाटेला कोणीही जाऊ नये. आत एखादं छोटं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा दाखवायला लावलेला असतो. फायली गेल्यासारख्या दिसतात, उघडायला जावं तर आत काहीच नसतं. माझ्या एका ग्राहकाने प्रबंधाचे फोटो अशा डिस्कवर ठेवले होते.

दुकानात खोकं सीलबंद आहे ना ते पाहा, खोक्यावरचा आणि डिस्कवरचा सीरियल नंबर जुळवा आणि तो पक्क्या बिलावर लिहून घ्या. बर्डीवर ‘बिल कशाला, थोडे कमी करून देतो’ असं म्हणणारेही भेटतात, पण वॉरंटीच्या वेळी बिल लागतं. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा नाही. सोबत दीडेकशे रुपयांचा कडक पाऊच घ्या, आणि घरी आल्यावर दोन्ही डिस्कवर वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. दिसायला त्या अगदी सारख्या असतात. माझी घरची हिरवी आणि वहिनींकडची केशरी.